दूध आटतं तेव्हा
(दहावी 1997 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तू 'एआय आणि आपलं भविष्य' यावर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज व्हॉट्सॲपवर भाषणं येतात, मला पांढऱ्या अस्वलांवर बोलू द्या. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग उत्तर आलं, "वीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस, पुढे जेवण आहे." तेव्हा वेळेचं भान ठेवते. आणि मागच्या बाकावरच्या मंडळींनी अठ्ठावीस वर्षांनंतरही मागच्याच खुर्च्या पकडल्या आहेत, हे मला इथून दिसतंय.

सुरुवात अस्वलांपासून करत नाही, आपल्या नववीच्या वर्गापासून करते. मराठीच्या बाईंनी 'माझी आई' हा निबंध लिहायला दिला होता, आठवतो का? बाई आज इथे आहेत. माझा निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवला होता. त्यात मी लिहिलं होतं की सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं आई खाते, कधी काही उरलं नाही तर पाणी पिऊन झोपते, म्हणून ती मला देवासारखी वाटते. दहापैकी नऊ मार्क मिळाले. मी वही नाचवत घरी नेली. आईने निबंध पूर्ण वाचला, वही मिटली आणि म्हणाली, "तेवढंच दिसलं का तुला?" आणि पोळ्या लाटायला गेली. मला वाटलं, तिला निबंध कळलाच नाही.

मी बारावीत असताना आई चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन सहा होतं. रक्ताच्या दोन बाटल्या द्याव्या लागल्या. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "ही बाई इतके दिवस चालत कशी होती?" त्या वेळीसुद्धा मला माझा निबंध आठवला नाही. तो आठवला फार उशिरा, आणि फार लांब.

मधला एक टप्पा सांगते. 2008 साली मला मुलगी झाली. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची होती. ती सव्वीस आठवड्यांची झाली 2017 मध्ये, कायदा बदलल्यावर. बारा आठवडे संपले आणि मी ऑफिसात हजर झाले. प्रोजेक्ट अंगावर होता, रात्री अमेरिकेशी कॉल असायचे. दूध काढायला जागा नव्हती. कधी बाथरूममध्ये, तर कधी जिथे जुने कॉम्प्युटर ठेवायचे त्या खोलीला आतून कडी लावून काढायचे. दुपारचं जेवण बरेचदा राहायचं. पाचव्या महिन्यात दूध आटलं. घरी कुणी मला बोललं नाही, पण शेजारच्या एका आजींनी सहज म्हटलं, "आईच्या मनात असलं तर दूध येतं गं." ते वाक्य मी दहा-अकरा वर्षं बरोबर घेऊन फिरले. मुलीला सर्दी झाली तरी मला ते आठवायचं.

आता अस्वलं.

2019 मध्ये कामासाठी मी कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात होते. तिथून उत्तरेला चर्चिल नावाचं छोटं गाव आहे, हडसन उपसागराच्या काठावर. तिथे रस्ता जात नाही. विमानाने जा, नाहीतर रेल्वेने, दोन रात्रींचा प्रवास करून. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रेल्वेने गेले. या गावाला पांढऱ्या अस्वलांची राजधानी म्हणतात. तिथे लोक गाडीची दारं कुलूप न लावता ठेवतात, रस्त्यात अचानक अस्वल समोर आलं तर कुणालाही पटकन आत शिरता यावं म्हणून. गावात शिरणाऱ्या अस्वलांना काही दिवस डांबून ठेवायची एक इमारतही आहे, गावकरी तिला तुरुंगच म्हणतात.

अस्वलं तिथे का जमतात, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. पांढरं अस्वल जगतं ते सीलवर, आणि सील पकडायला त्याला समुद्रावर गोठलेला बर्फ लागतो. बर्फाला पडलेल्या भोकाशी दबा धरून बसायचं आणि श्वास घ्यायला वर आलेला सील ओढून घ्यायचा, अशी त्याची शिकार. उघड्या पाण्यात पोहून सील पकडणं त्याला सहसा जमत नाही. हडसन उपसागराचं वैशिष्ट्य असं की उन्हाळ्यात तिथला बर्फ पूर्ण वितळतो. म्हणजे साधारण जुलैत अस्वलांना जमिनीवर यावं लागतं आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत थांबावं लागतं. वर्षाची बहुतेक कमाई ती वसंत ऋतूत करतात, जेव्हा सीलची लठ्ठ पिल्लं बर्फावर असतात. उरलेले महिने अंगावरच्या चरबीवर काढायचे. आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी खळ्यावर आलेल्या धान्यात पुढचं वर्ष बसवतो, तसाच हा हिशेब.

गरोदर मादीचा हिशेब तर आणखी कडक. जोडी जमते एप्रिल-मे महिन्यात, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो अगदी सूक्ष्म अवस्थेत थांबून राहतो. शरद ऋतूत, अंगावर पुरेशी चरबी असेल तरच तो गर्भाशयात रुजतो. नसेल तर त्या वर्षी पिल्लं नाहीत. पश्चिम हडसन उपसागरातल्या जुन्या नोंदींमध्ये, शरद ऋतूत 189 किलोपेक्षा कमी वजन असलेल्या मादीला पुढच्या वसंतात पिल्लं झाल्याचं आढळलं नव्हतं. मंजुरी आधी, खर्च नंतर. आमच्या क्षेत्रात इतकी शिस्त असती तर माझे बरेच शनिवार-रविवार वाचले असते.

गर्भ रुजला की मादी बिळात शिरते. चर्चिलच्या दक्षिणेला वापुस्क राष्ट्रीय उद्यान आहे. क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरं अस्वल. तिथल्या मातीत ही बिळं असतात आणि त्यातली काही पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास पिल्लं होतात, बहुधा दोन. आईचं वजन दोन-अडीचशे किलो आणि पिल्लू जेमतेम सहा-सातशे ग्रॅमचं, आंधळं. मार्चच्या सुमारास ती बाहेर येतात तेव्हा पिल्लू दहा-बारा किलोचं झालेलं असतं. आणि या सगळ्या काळात आईच्या पोटात अन्नाचा कण नसतो. जुलैपासून धरलं तर हा जवळपास आठ महिन्यांचा उपास, आणि त्यातच बाळंतपण आणि अंगावर पाजणं. दूधही कसं? म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के स्निग्धांश असतो आणि आपण त्याला दाट म्हणतो. या अस्वलीच्या दुधात तो तीस टक्क्यांच्या आसपास असतो. साय काढायचा प्रश्नच नाही, सगळी सायच.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, इथेही तोच निबंध. आई उपाशी राहते आणि पिल्लांना पाजते. दहापैकी नऊ मार्क.

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पिल्लं दोन-सव्वादोन वर्षं आईबरोबर असतात आणि दूध पीत असतात. म्हणजे बिळातून बाहेर आल्यावर पहिला उन्हाळा येतो आणि पुढे दुसराही. बर्फ वितळतो, आई पिल्लांना घेऊन जमिनीवर येते, आणि तिच्या अंगावर असेल तेवढ्यातच तिघांचं भागवायचं असतं.

चर्चिलला दुसऱ्या दिवशी उंच चाकांच्या गाडीतून आम्हाला तशी एक आई दिसली. बरोबर एकच पिल्लू. खुरट्या झुडपांच्या आडोशाला ती पडून होती. पिल्लू तिच्या छातीशी तोंड घालायला बघत होतं. पोटभर पिणारं पिल्लू घुंघुं असा गुणगुणल्यासारखा आवाज काढतं असं वाटाड्याने सांगितलं होतं, म्हणून आम्ही कान देऊन बसलो होतो. आवाज आला नाही. थोड्या वेळाने आई उठली, चार पावलं पुढे गेली आणि पाठ करून पुन्हा पडली. पिल्लू मागे गेलं. ती पुन्हा उठली. गाडीतली एक बाई म्हणाली, "कशी आई आहे ही!" वाटाड्या शांतपणे म्हणाला, "तिच्याकडे दूध आहे की नाही हे इथून मला सांगता येणार नाही. पण या दिवसांत पुष्कळ आयांचं आटलेलं असतं."

खोलीवर परत आले आणि शोधायला बसले. नंतरची कित्येक वर्षं शोधतच राहिले, नवीन काही छापून आलं की वाचत राहिले. जे कळलं ते थोडक्यात सांगते.

अस्वलीचं दूध मोजतात कसं, हेच आधी मला कळेना. हेलिकॉप्टरमधून भुलीचं इंजेक्शन मारतात, ती झोपली की ऑक्सिटोसिन देऊन पान्हा सोडायला लावतात आणि छोट्या बाटलीत नमुना घेतात. हेच ऑक्सिटोसिन काही जण म्हशींना चोरून टोचतात, हे गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. 1989 ते 1994 या काळात पश्चिम हडसन उपसागरात असे नमुने गोळा झाले होते. टोरंटो विद्यापीठातल्या लुईस आर्चर, पेटर मोलनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापले. उपासाचे दिवस जसे वाढतात आणि आईच्या अंगावरची चरबी जशी उतरते, तसं दूध पातळ होत जातं, कमी होत जातं, आणि काही आयांचं पूर्ण थांबतं. ज्यांनी दूध कमी केलं त्यांची शिल्लक टिकली, पण त्यांच्या पिल्लांची वाढ मंदावली. दोन्ही बाजू खऱ्या. फुकट काहीच नाही.

म्हणजे आईचं शरीर शेवटच्या थेंबापर्यंत देत नाही. एका मर्यादेला ते थांबतं. याला निष्ठुरपणा म्हणायचं असेल तर म्हणा, पण जरा पुढे बघा. एवढंसं पिल्लू एकटं जगू शकत नाही. त्याला शिकार येत नाही, मोठ्या नर अस्वलापासून स्वतःला वाचवता येत नाही. आई गेली तर पिल्लूही गेलं. आई राहिली तर नोव्हेंबरात बर्फ आल्यावर ती पुन्हा सील मारील, आणि पिल्लू तोवर तगलं असेल तर दोघंही खातील. नाही तगलं, तरी पुढे कधीतरी तिला पुन्हा पिल्लं होतील. मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला ते आमच्या भाषेत चटकन समजलं. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारं यंत्र आधी कमी गरजेची कामं बंद करतं, कारण मुख्य यंत्रच बंद पडलं तर कुठलंच काम होत नाही. फक्त इथे बंद होणारं काम म्हणजे पिल्लाचं पोट आहे, हे मात्र मी विसरू शकत नाही.

मग प्रश्न असा की हा थांबायचा दिवस आताशा लवकर का येतो? उत्तर आईत नाही, बर्फात आहे. 1979 पासूनच्या नोंदी पाहिल्या तर तिथला बर्फ नसलेला काळ आता तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. तीन-चार आठवडे ऐकायला किरकोळ वाटतात. 2019 ते 2022 दरम्यान संशोधकांनी याच भागातल्या वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून उन्हाळ्यातले तीन-तीन आठवडे पाहिले. कुणी बोरं खाल्ली, कुणी गवत, कुणी मेलेल्या पक्ष्याचे अवशेष, तर कुणी नुसतं पडून राहून शक्ती वाचवली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला सुमारे एक किलो. आता तीन आठवडे म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा.

2025 मध्ये आर्चर आणि मोलनार यांच्या गटाने बेचाळीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यातल्या 37 वर्षांच्या काळात तिथल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वजन 39 किलोंनी उतरलं, आणि एक वर्षाच्या पिल्लांचं 26 किलोंनी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या भागात सुमारे 1200 अस्वलं होती, 2021 च्या मोजणीत 618 भरली. सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. जगात पांढऱ्या अस्वलांचे एकोणीस-वीस गट धरतात, एकूण अंदाजे सव्वीस हजार अस्वलं, आणि काही भागांत ती अजून चांगली धष्टपुष्ट आहेत. हडसन उपसागर दक्षिणेला पडतो, म्हणून झळ तिथे आधी पोचली. आणि झळ लागते तेव्हा ती सर्वांत आधी पिल्लांना लागते, दुधाच्या वाटेने.

आता मी जरा सांभाळून बोलणार आहे. अस्वलांवरून माणसांना उपदेश करू नये हे मला कळतं. अस्वली ठरवून दूध थांबवत नाही, तिला त्याची लाज वाटत नाही आणि तिला शेजारच्या आजीही नसतात. बाईचं दूध आटतं तेव्हा त्याची कारणंही वेगळी असतात. पण चर्चिलच्या त्या खोलीत बसून मी पहिल्यांदा स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. त्या अस्वलीचं दूध का आटलं, हे शोधताना मी बर्फाच्या तारखा पाहिल्या, उपासाचे दिवस मोजले, अंगावरची चरबी पाहिली. तिच्या मनात काय होतं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. मग माझं आटलं तेव्हा मी फक्त माझं मन का तपासलं? बारा आठवड्यांची रजा, राहिलेली जेवणं, रात्रीचे कॉल, कडी लावलेली ती अडगळीची खोली, हे सगळं समोर होतं. ते मी अकरा वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

आणि तिथेच माझा नववीतला निबंध आठवला. आईने काय विचारलं होतं ते तेव्हा कळलं. ती उरलंसुरलं खाते हे मी पाहिलं, त्याची पूजा केली, पण तिला उरलंसुरलं का खावं लागतं हे नाही विचारलं. वडिलांची नोकरी दोन वर्षं सुटली होती, घरात सहा माणसं होती, आणि डब्यातल्या पिठाचा हिशेब एकट्या तिला ठाऊक होता. तो निबंधात नव्हता. बाई, तुम्ही नऊ मार्क दिलेत त्याबद्दल मी आजही ऋणी आहे, पण आज मी तपासायला बसले तर पाच देईन.

त्या रात्री मी चर्चिलहून आईला फोन केला. आपल्याकडे सकाळ होती. म्हटलं, "आई, मी तो निबंध चुकीचा लिहिला होता." ती म्हणाली, "कुठला निबंध?" तिला आठवतही नव्हता. मग म्हणाली, "तिकडे थंडी आहे ना, जेवलीस का?" मी विचारलं, "तू जेवलीस का?" त्यावर ती इतकी हसली, की हा प्रश्न उलट्या बाजूने पहिल्यांदाच आला असावा.

मित्रमैत्रिणींनो, शेवटचं सांगते. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. डिजिटल वर्ग झालाच पाहिजे, त्याचं काम मी स्वतः करून देईन. पण त्यातला एक भाग बाजूला ठेवावा अशी माझी विनंती आहे. आठवी ते दहावीच्या मुलींची वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनची तपासणी करू या, आणि ज्यांचं कमी निघेल त्यांच्या औषधाची आणि खाण्याची सोय करू या. आपल्यातले तिघे डॉक्टर आहेत, एकाचं औषधांचं दुकान आहे, आणि नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर मी लिहीन. मुलींच्या घरी कोण शेवटी जेवतं, हे आपण बदलू शकणार नाही कदाचित. पण आकडा दिसला की घरातल्या कुणाला तरी विचारावं लागतं, का?

माझी आई आज तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. गेल्या काही वर्षांत तिचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलेलं नाही, ही माझ्या आयुष्यातल्या अभिमानाच्या गोष्टींपैकी एक. आता जेवण आहे. आमच्यातल्या पाचसहा जणी सवयीने वाढायला उठतील, हे मला माहीत आहे. त्यांनी आज बसावं. मागच्या बाकावरच्या मंडळींनी वाढावं. आणि पहिल्या पंगतीत सर, बाई आणि आपापल्या आयांना बसवावं.